चावीवालीचं कलम

युद्ध थांबवणारं माणूस तुम्ही कधी हातभर अंतरावरून पाहिलंय का? फोटोतलं नव्हे. फोटोत काय, इस्त्रीचा कोट घातलेला कोणीही युद्ध थांबवतो. जिच्या हाताला ग्रीसचा वास येतो, जिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलाय आणि जी रोज सकाळी सव्वापाचला तुमच्याच रस्त्यावरून जाते, अशी कोणी? पाहिली असणार. ओळखली नसणार. त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. अख्ख्या शहराला ती ओळखू आली नाही, आणि शहर तर तिच्याच जिवावर जगत होतं.

सगळे तिला चावीवाली म्हणतात. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रस्त्याखालच्या मोठ्या नळावर जो व्हॉल्व असतो, त्याला पाणीखात्यात चावी म्हणतात, आणि तो फिरवायला छातीइतकी उंच लोखंडी दांडी लागते. हे काम आधी तिच्या नवऱ्याचं. तो छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा खात्यानं ती जागा तिला दिली, 'तात्पुरती' म्हणून. त्या तात्पुरत्याला आता एकवीस वर्षं होऊन गेली. मुख्य चावी पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात, आणि तेही झरझर नाही. थोडे फिरवायचे, थांबायचं, नळाला कान लावायचा, मग पुढचे. पाणी ओढाळ गुरासारखं असतं, असं ती म्हणते. एकदम सोडलं की कुंपण मोडून जातं.

आता मांडणी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. नदीच्या अलीकडे आपलं शहर, पलीकडे त्यांचं. तळं आपल्याकडे. पंपाला लागणारी वीज त्यांच्याकडची. दोन्ही सरकारांचं गूळपीठ होतं तेव्हा कोणा शहाण्यानं हे असं जोडून ठेवलेलं: एक जाड नळ इथून तिकडे, एक जाड केबल तिकडून इथे, दोन्ही एकाच पुलावरून. मग युद्ध आलं. पहिल्या दिवशी हुकूम आला, शत्रूचं पाणी बंद. तिनं चावी बंद केली, रजिस्टरात 'बंद' लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पंपहाऊसमधला फोन वाजला.

हा फोन कसा काय वाजला? दोन्ही सैन्यांनी पुलावरच्या झाडून सगळ्या तारा तोडल्या होत्या. ही एक राहिली, कारण ती टेलिफोन खात्याच्या यादीत नव्हती, पाणीखात्याची होती. आणि पाणीखात्याची यादी कोण वाचतं!

"बाई, पाणी बंद केलंत?" पलीकडचा माणूस होता. नाव कधी विचारलं नाही, पण सहा वर्षं रोज बोलणं. आकड्यांपुरतं. ती त्याला 'पलीकडचे' म्हणायची.

"हुकूम आहे."

"मलाही आहे. तुमची वीज तोडायचा. तोडू?"

तिनं पंपाकडे पाहिलं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की आपल्याच शहराला थेंब नाही.

"तुमच्याकडे जनरेटर असेल ना," तो म्हणाला.

"सैन्यानं नेला, काल. तुम्हाला किती लागतं?"

"बाळंतिणींच्या दवाखान्यापुरतं. वर थोडं."

"दुपारी बारा ते दोन. वर-बिर काही मागू नका."

"आणि मागितलं तर?"

"मागून बघा. फोन आपटते की नाही ते."

तो हसला. युद्धाच्या दुसऱ्या दिवशी शत्रूचं हसू ऐकलेली ती एकटीच असेल. खरा तह झाला तो हा. सह्या नाहीत, शिक्के नाहीत, भाषणं नाहीत. रोज दुपारी बाराला, पहाऱ्यावरचे दोन शिपाई जेवून पेंगायला लागले की ती चावी थोडी सैल करायची. दोनला पुन्हा आवळायची. रजिस्टरात रोज 'बंद'. पलीकडे तोही वीज चालू ठेवून रोज लिहायचा, 'वीजपुरवठा खंडित'. तीन वर्षं दोन्हीकडचे पुढारी व्यासपीठावरून गरजत होते, शत्रूला एक थेंब दिला नाही, एक युनिट दिलं नाही. आणि जनरेटर नसलेला आपला पंप चालतो कशावर, असं एकाही साहेबानं विचारलं नाही. नळाला पाणी येतंय ना, मग कशाला खोलात जा!

दोघांचं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. पहिल्या टप्प्यात चावी किती फिरवायची? ती म्हणायची चार फेरे. तो म्हणायचा पाच.

"चारनं पाणी नुसतं सरपटत येतं, बाई. पुलाच्या उंचवट्यावर हवा तशीच बसून राहते."

"पाच केले की माझ्या बाजूचे जुने सांधे गळतात. तुम्ही येणार का पाना घेऊन?"

"या परिस्थितीत?"

"मग चार."

तीन वर्षं चारच.

युद्ध संपायला चार महिने उरले असताना पुलावर बॉम्ब पडले. नळ गेला, केबल गेली, फोनही गेला. त्यानंतरचे महिने ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. टँकरमागे धावणाऱ्या बाया, डबक्यातलं पाणी गाळून पिणारी माणसं, जुलाबानं गेलेली तान्ही मुलं. दोन्ही काठांवर सारखंच. मग शस्त्रं खाली ठेवली गेली आणि वाटाघाटी सुरू झाल्या.

त्या पुलाजवळच्या शाळेत चालल्या. मोठ्या हॉलमध्ये मास्तरांची टेबलं जोडून एक लांब टेबल केलेलं. एका बाजूला आपले, एका बाजूला त्यांचे, टोकाला तिसऱ्या देशातून आलेल्या अध्यक्षबाई आणि त्यांचा दुभाषी. चावीवाली तिथे कशी? जुने इंजिनिअर युद्धात गेले. नवे साहेब येऊन जेमतेम सहा महिने झालेले. नळाचे नकाशे तिच्या कपाटात, आणि ते उलगडून कुठलं टोक वर धरायचं हे तिलाच ठाऊक. म्हणून तिला आणलं, आणि साहेबांच्या पाठीमागे मुलांच्या एका बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकत होते. पलीकडच्यांच्या पाठीमागेही तसाच एक जण बाकावर दुमडून बसला होता. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एकदा तो खोकला आणि हिनं चटकन मान वर केली. हा खोकला तिनं फोनवर हजारदा ऐकला होता. त्यानं वर पाहिलं नाही. तिनंही मान खाली घातली.

कलम एकतीस पाण्याचं होतं. नवी केबल जोडून झाली होती, नवा नळही बसवला होता, पण रिकामा. प्रश्न एवढाच की चावी आधी कोण उघडणार? आपले म्हणाले, आम्ही. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही दाते आणि आम्ही याचक? यावर चार दिवस गेले. कैद्यांचं कलम दोन दिवसांत झालं होतं, हे लक्षात घ्या. शेवटी अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. कोणीच आधी नाही. बारा तारखेला, भर दुपारी बाराच्या ठोक्याला, दोन्ही देश आपापली चावी एकाच क्षणी पूर्ण उघडतील. पलीकडची उंच टाकी आधी टँकरनं भरून ठेवायची, म्हणजे पाणी दोन्हीकडून धावेल आणि पुलाच्या मध्यावर भेटेल. तिथेच, त्याच जागेवर उभं राहून, दोन्ही शिष्टमंडळांचे प्रमुख हात मिळवतील.

टाळ्या पडल्या. एकदोघांनी डोळे पुसले.

चावीवालीनं मांडीवरचा नकाशा पुन्हा उलगडला. रिकाम्या नळात दोन्ही टोकांनी पाणी सोडायचं? मग आतली हवा जाणार कुठे? ती दोन पाण्यांच्या मध्ये चेंगरणार, पुलाच्या उंचवट्यावर, आणि नळ फोडून बाहेर पडणार. जिथे हात मिळवायचे, त्याच्या बरोब्बर खाली! आणि मग कोण म्हणणार की हवा होती? घातपात म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोफा.

मधल्या सुट्टीत तिनं साहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"बाई, त्यांच्या टोकाला हवा कशी निघते, हे तुम्हाला कसं माहीत?"

तिनं नकाशाची घडी घालायला घेतली.

"मग गप्प बसा," साहेब हळूच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे आणि तुमच्या तर मानेचा."

खोटं नव्हतं. 'शत्रूशी संपर्क' हा गुन्हा अजून पुस्तकात होता आणि ते कोर्ट दोन गल्ल्या सोडून रोज भरत होतं. आपल्याच पोस्टमास्तरांना सात वर्षं ठोकली होती. पलीकडे अडकलेल्या मुलींची पत्रं आयांना पोचवली म्हणून. आणि तुरुंगापेक्षा जड गोष्ट घरी होती. तिची नणंद. दोघी विधवा, एका छपराखाली. नणंदेचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या वर्षी याच नदीच्या काठी गेला. पलीकडच्या गोळीनं. जिनं मुलगा गमावला, तिच्या ताटाला ताट लावून जेवताना ही बाई रोज दुपारी त्याच लोकांना पाणी देऊन आलेली असायची. हे बाहेर फुटलं तर वन्सं काय म्हणतील? काय म्हणायचं बाकी राहील?

सुट्टी संपली. कलम तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. 'एकाच क्षणी' हे शब्द आले आणि ती उठून उभी राहिली. बाक मागे पडला. धाडकन.

"फुटेल," ती म्हणाली.

आपले प्रमुख, निवृत्त न्यायाधीश, चष्म्यावरून बघायला लागले. "कोण आहेत या?"

"चावीवाली. पाणी सोडते मी. हे असं केलंत तर नळ फुटेल आणि वर उभे असाल ते सगळे नदीत जाल. एकानं आधी उघडायला पाहिजे. दुसऱ्यानं टोक मोकळं ठेवून हवा जाऊ द्यायला पाहिजे. फुरफुर थांबून सलग धार लागली की मग त्यानं हळूहळू आवळायचं. यात मान-अपमान काही नाही, नळाला तो नसतो."

पलीकडचे प्रमुख जुने सेनापती, कानाला यंत्र. त्यांनी यंत्र नीट बसवलं. "आमच्या टोकाला किती वेळ फुरफुर होते, हेही सांगाल का?"

"पस्तीस ते चाळीस मिनिटं."

 सेनापतींनी पुढचा प्रश्न अगदी गोडीत विचारला. "आणि हे तुम्हाला कसं माहीत?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. युद्धाच्या आधीचं आठवतंय म्हणाली असती, तर निभावून गेलं असतं. पण युद्धाच्या आधी नळ कधी रिकामाच होत नसे. एखाद्या जाणत्यानं ते पकडलं असतं, तर फुटेल हेही कोणी खरं मानलं नसतं.

"कारण तीन वर्षं रोज करत होते," ती म्हणाली. "रोज दुपारी. चार फेरे उघडायचे आणि थांबायचं."

"पाच!"

आवाज समोरून आला. दोऱ्याच्या चष्म्याचा माणूस उभा होता. बोलून गेला आणि स्वतःच दचकला. पण आता तोंडातून सुटलेलं परत कुठे घेणार?

"चार," ती त्याच्याकडे वळून म्हणाली.

"अहो चारला हवा निघत नाही! तीन वर्षं कानीकपाळी ओरडतोय! माझ्या नाकासमोर फुरफुरायचं ते, तुमच्या नव्हे!"

"आणि सांधे माझे गळायचे, तुमचे नव्हे! शिपायाच्या बुटात पाणी गेलं असतं म्हणजे? आज बोलताय!"

"आता सांधे नवे आहेत ना?"

ती थबकली. "आता नवे आहेत," तिनं कबूल केलं. "आता चार करून थांबू. तुम्ही हो म्हणालात की पाचवा देईन."

"हे आधी म्हणाला असतात तर..."

"आधी सांधे नवे होते का?"

दुभाष्यानं केव्हाच हात टेकले होते. अध्यक्षबाई त्याला विचारत होत्या, काय चाललंय, आणि तो म्हणाला, "बाईसाहेब, मला वाटतं, यांचा तह आधीच झालेला आहे." मग मात्र टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकदमच सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कोणालाच कोणाकडे बघवेना.

बैठक तहकूब झाली. दोन्ही प्रमुख आणि अध्यक्षबाई एका वर्गात जाऊन बसले. हे दोघे व्हरांड्यात, दोन टोकांना, दोघांवरही शिपाई उभे. तास गेला. आत काय शिजत होतं, ते पुढे सगळ्यांना कळलं. या दोघांवर खटला भरायचा तर भर कोर्टात कबूल करावं लागणार होतं की 'एक थेंब नाही, एक युनिट नाही' ही तीन वर्षांची गर्जना निव्वळ फुशारकी होती. दोन्ही सरकारांना अब्रू प्यारी. तेव्हा दयेपोटी सुटले असा गैरसमज नको. पण 'एकाच क्षणी' खोडून 'आधी तळ्याकडून' लिहिलं गेलं, आणि लाजेतून का होईना, चांगलं कलम निघालं: युद्धकाळात पाणी व वीज चालू ठेवण्यासाठी कोणत्याही बाजूच्या कामगारानं केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर खटला भरला जाणार नाही. कलम एकतीस-ब.

न्यायाधीशांनी ते स्वतः बाहेर येऊन तिला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं. मग म्हणाली, "आणि टपाल?"

"काय?"

"पाणी, वीज आणि टपाल. पोस्टमास्तर आत आहेत. मी सुटायचं आणि त्यांनी सडायचं, असली सुटका मला नको. लिहा, नाहीतर मला त्यांच्या शेजारच्या कोठडीत घाला."

"बाई, नशीब ताणू नका."

"ताणत नाही. एक शब्द मागतेय. टपाल."

दुसऱ्या टोकाहून दोऱ्याचा चष्मा खोकला. "आमच्याकडेही एक पोस्टमास्तर आहेत," तो म्हणाला.

न्यायाधीश आत गेले. वीस मिनिटांनी शब्द घालून आले. तिला म्हणाले, "आता घरी जा. उद्या वेळेवर कामावर या."

"उद्या माझी सुट्टी असते."

सुट्टीचं खरं, पण घरी जायला पाय उचलत नव्हते. बातमी छापून यायच्या आत स्वतः सांगायचं होतं. नणंद दारात कपडे वाळत घालत होती. हिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नणंदेच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"तो गेला, त्या दिवशीपण?"

"हो वन्सं. त्या दिवशीपण. मला कळलं संध्याकाळी. पण दुसऱ्या दिवशीही दिलं. कळलेलं असताना दिलं."

नणंदेनं सदरा झटकला, तारेवर टाकला, चिमटे लावले आणि आत गेली. पुढे आठ दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होत होता.

बारा तारखेला पंपहाऊसमध्ये तिनं दांडी चावीवर बसवली. नवा फोन जोडलेला. बाहेर झेंडे, बँड, कॅमेरे. पुलावर मात्र कोणी नाही, हवा जाईपर्यंत कोणी पाऊल ठेवायचं नाही असं तिनं बजावलं होतं आणि चक्क सगळ्यांनी ऐकलं होतं. इतक्यात दारात नणंद आली. हातात डबा.

"डबा विसरलीस, वहिनी."

डबा ती विसरली नव्हती. डबा कोणी केलाच नव्हता आठ दिवस.

"तिकडे बाळंतिणींना पाणी लागतं, हे मला कळतं," नणंद भिंतीकडे बघत म्हणाली. "पटत नाही. कळतं. पटायला वेळ लागेल. मला घाई करू नकोस."

"नाही करत."

"हे एकटीनं फिरतं?"

"जड जातं. नवीन आहे ना."

नणंदेनं पदर खोचला आणि दांडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून चार फेरे दिले. थांबल्या. सदतीस मिनिटं दोघी एका बाकावर बसून होत्या, मध्ये डबा. मग फोन वाजला.

"फुरफुर थांबली," पलीकडचे म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा चिरकला. "धार लागली, ताई. सलग. काय सांगू तुम्हाला! द्या आता पाचवा."

इतकी वर्षं 'बाई' होती. त्या दिवसापासून ताई.

पोस्टमास्तर सुटून आता चार वर्षं झाली, थकलेले आहेत पण पत्रं वाटतात. दवाखान्यात तिकडे किती मुलं जन्मली, ते पलीकडचे दर महिन्याला तिला कळवतात, आणि ती नणंदेला सांगते. नणंद 'बरं' म्हणते. कधीकधी 'मुलगे किती?' असंही विचारते. तुमच्याआमच्या घरात आज भांडी घासली जातात, पोरं आंघोळीला कंटाळा करतात, झाडांना उरलेलं पाणी घालता येतं, हे तिच्या त्या 'फुटेल' या एका शब्दाचं देणं आहे. तिचे पुतळे नकोत, तिलाच चालणार नाहीत. उपकारही मानू नका, ती ओशाळते. ती अजून कामावर आहे, खांदा अजून थोडा उतरलाय आणि रोज सकाळी तुमच्या कोपऱ्यावरचं चेंबर उघडायला तिला तुमच्या गाडीखाली वाकावं लागतं. तेव्हा एवढंच करा: उठा, खाली जा, आणि चेंबरच्या झाकणावरची ती गाडी बाजूला लावा. उद्या नाही. आत्ता.